सहा आणि एक अम्माची

सोमवार, अकरा नोव्हेंबर. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. ठिकाण मंचर, खतांच्या दुकानावरचा मजला, मणियार डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. काम : वरच्या दातांना चिकटवलेले दहा पांढरे ब्रॅकेट लेझरने सैल करून काढणे. रक्कम चार हजार रुपये, दाताला चारशे या हिशेबाने. हजर : डॉक्टर स्वतः, माझी मुलगी मेघा, तिची आई आणि मी. डॉक्टरांच्या आईचा फोटोही खोलीत होता, पण तो त्या वेळी भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. तेव्हा त्यांना हजर धरावे की नाही, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

हे सगळे माझ्या घरच्या वहीत लिहिलेले आहे. अवसरी बुद्रुकला आमच्या दूध संस्थेत मी सव्वीस वर्षे सेक्रेटरी आहे. लिटर, फॅट, डिग्री, वेळ हे रोज दोनदा लिहायचे, त्यामुळे बाकीचेही लिहून ठेवायची सवय लागली. मणियार डॉक्टर गेल्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर मी ती वही दोन-तीनदा काढून पाहिली. पानावर आकडे सगळे आहेत, खाडाखोड कुठे नाही. फक्त डॉक्टर त्यात कुठे सापडत नाहीत. म्हणून आठवून लिहितो आहे.

डॉक्टर मूळचे जुन्नरचे. राहायलाही जुन्नरलाच. रोज सकाळी एसटीने नारायणगावमार्गे मंचरला यायचे आणि संध्याकाळी परत. गाडी घ्यायची ऐपत होती, पण म्हणायचे, "एसटीत माणसं तोंड उघडी टाकून झोपतात. माझं अर्धं निदान तिथंच होतं." अंगाने बारीक, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशात पेनाऐवजी दात बघायचा लहान आरसा. त्यांचे हात मात्र शरीराच्या मानाने मोठे होते. बोटे लांब, अंगठा रुंद. कुठलेही हत्यार तोंडात घालण्याआधी ते थोडा वेळ मुठीत धरायचे. मी एकदा कारण विचारले तर म्हणाले, "थंड लोखंड जिभेला लागलं की माणूस दचकतो. दचकलेल्या माणसाचं काही सरळ निघत नाही."

तंबाखूवाल्यांचे त्यांच्याकडे हाल व्हायचे. पेशंट खुर्चीत बसला की आधी त्याच्या खिशाकडे बघायचे. "दोघांना एकदम तपासत नाही मी. एकानं बाहेर थांबा. तुमी नायतर पुडी." बहुतेक वेळा पुडी बाहेर जायची. एकदा आमच्याच गावचा एक जण उठून स्वतः बाहेर गेला, आणि डॉक्टर जिन्यापर्यंत त्याच्यामागे हसत गेले. "अहो पावणं, दाढ इथंच ठेवून गेला असता तरी चाललं असतं!"

दात बघण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. आधी डोळ्यांनी बघायचे, मग आरशाच्या दांडीने दातावर हलकेच टिचकी मारायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. पंखा चालू असला तर बंद करायचे. शाबूत दात एक बोलतो, तडकलेला दुसरे बोलतो, असे त्यांचे म्हणणे. बाकीचे डॉक्टरही टिचकी मारतात, पण पेशंटला विचारतात, दुखते का. हे दाताला विचारायचे.

ही सवय आईची होती. अम्मा बांगड्या विकायच्या. जुन्नरच्या बाजारात, चतुर्थीला ओझरला गणपतीच्या देवळाबाहेर, आणि महिन्यातून एकदा पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर टाकून मढपर्यंत. हातात भरण्याआधी प्रत्येक बांगडी दुसरीवर वाजवून बघायच्या. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला लागते. दवाखान्यात खुर्चीसमोर त्यांचा फोटो होता. ओझरला काढलेला. समोर बांगड्यांची पेटी, एका बाईचा हात अम्मांच्या दोन्ही हातांत, आणि अम्मांचे लक्ष फोटो काढणाऱ्याकडे अजिबात नाही.

अम्मांची एक गोष्ट डॉक्टर वरचेवर सांगायचे. मढच्या बाजाराला गेल्या असताना तिथल्या एका म्हाताऱ्या बाईचा नवरा वारला. बायका जमल्या. एकीने बांगड्या फोडायला दगड आणला. अम्मांची त्या घरी उठबस होती. त्या पुढे झाल्या, दगड बाजूला ठेवला, साबण आणि कोमट पाणी मागितले आणि म्हणाल्या, "मी भरल्यात, मीच काढीन. फोडायला नाय आले मी." म्हातारीचे हात सुजलेले. अर्धा-पाऊण तास लागला. सगळ्या बांगड्या अखंड निघाल्या. त्या फडक्यात बांधून अम्मांनी म्हातारीच्या मांडीवर ठेवल्या. बायका रागावल्या, पण म्हातारीच्या हाताला एक ओरखडा नव्हता.

गोष्ट संपली की डॉक्टर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. "काढायचं ते अखंड काढायचं, सेक्रेटरी. घालणं कोणालाही येतं."

एवढे म्हणणाऱ्या माणसाच्या हातून एकदा मोडले होते. टेबलावर औषधाची एक लहान बाटली असायची. तिच्यात एक पांढरा ब्रॅकेट आणि त्याला चिकटलेली तांदळाच्या कणीएवढी चकाकती कपची. दात सरळ करायला दातांवर तार बांधतात, त्या तारेला धरून ठेवणारी जी चौकट प्रत्येक दातावर चिकटवलेली असते, तो ब्रॅकेट. स्टीलचा असला तर काढताना वाकतो आणि सुटतो. सिरॅमिकचा दातासारखा पांढरा, दिसायला छान, म्हणून मुली तोच मागतात. पण तो वाकत नाही. पक्कडीने दाबला की एकतर त्याचे तुकडे होतात, नाहीतर तो दाताचे वरचे आवरण घेऊन येतो. नारायणगावच्या एका मुलीच्या बाबतीत तेच झाले. डॉक्टरांनी तिचा दात स्वखर्चाने दुरुस्त करून दिला. मुलीचे लग्न झाले, ती विसरलीही असेल. डॉक्टर विसरले नाहीत. त्यांनी सिरॅमिक लावणे बंद केले. बाटलीकडे बोट करून म्हणायचे, "हा वाढला माझ्या हातून." बांगडी फुटली असे बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, त्या चालीने.

आमचा संबंध आला तो मेघामुळे. ती पुण्याला नोकरीला असताना तिने तिकडेच वरच्या दातांना सिरॅमिकचे ब्रॅकेट लावून घेतले होते. दात सरळ झाले, पण काढायची वेळ आली तेव्हा ज्यांनी लावले ते दुसऱ्या शहरात गेलेले. दुसरीकडे कुठे तरी दाखवले. तिथे पक्कड लावताच पहिलाच ब्रॅकेट मधून तुटला आणि मेघाच्या मस्तकात कळ गेली. ती खुर्चीतून उठून निघून आली. त्यातून तिचा वरचा डावा, समोरचा दात तडकलेला. शाळेत असताना सायकलवरून पडली होती, तेव्हाची उभी चीर. मोठेपणी ती बोलताना तोंडावर हात धरायची. ब्रॅकेट लावल्यापासून तर हसणेच बंद. आता तो दात मोडला तर पुढे काय, हे तिने आम्हाला विचारले नाही. तिच्या आईला विचारल्याशिवाय राहवले नाही.

"भाऊ, पोरीचा दात ऱ्हाईल का?" ही म्हणाली.

डॉक्टरांनी पंखा बंद केला. टिचकी मारली. पुन्हा मारली. मग म्हणाले, "वहिनी, दात जिवंत आहे. पण पक्कड लावली तर ऱ्हाईल असं मी सांगणार नाय. पक्कड लावणारच नाय."

"मग काढणार कशानं?"

"उबेनं."

हिरड्यांच्या कामासाठी त्यांनी पुण्याहून एक लेझर आणले होते. आकाराने जुन्या रेडिओएवढे, पुढे केसासारखी बारीक तार असलेली पेनासारखी दांडी, खाली पायाने दाबायचे बटण. ब्रॅकेट पांढरा असल्यामुळे उजेड त्याच्यातून आरपार जातो आणि मागच्या डिंकाला तापवतो. डिंक मऊ झाला की हाताच्या हलक्या वळणाने ब्रॅकेट निघतो. मोठ्या शहरांत असे करतात, हे त्यांनी वाचले होते. अडचण एकच. ऊब डिंकापर्यंतच थांबायला हवी. ती दाताच्या आतल्या जिवंत भागाला पोहोचली आणि तिथले तापमान नेहमीपेक्षा पाच अंशांहून जास्त चढले तर दात आतून मरू शकतो. वरून शाबूत, आतून गेलेला.

"डिंक मऊ व्हायला किती वेळ लागतो?" मी विचारले.

"वाचलंय त्यात सहा सेकंद. पण माझं यंत्र, माझा हात, माझा डिंक. करून बघितल्याशिवाय पोरीच्या तोंडात घालणार नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या दूध थंड करायच्या टाकीला ते वायरवालं थर्मामीटर असतं ना, सेक्रेटरी?"

थर्मामीटर संस्थेचे होते, माझे नव्हते. एक जादा पडून होते, तरी मी चेअरमनांना अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "कोणाच्या दाताला ताप आलाय म्हणायचं?" पण सही केली.

एका रविवारी दवाखाना बंद असताना आम्ही बसलो. डॉक्टरांनी काढलेले दात मिठाच्या पाण्यात जपून ठेवले होते. त्यातले चौदा निवडले. त्यांवर मेघाच्या ब्रॅकेटसारखेच ब्रॅकेट चिकटवले. प्रत्येक दाताला मुळाकडून भोक पाडून आत थर्मामीटरची तार सरकवली. दोघांनी ठरावीक रंगाचे गॉगल लावले, कारण तो उजेड डोळ्यांना चालत नाही. मग डॉक्टर उठले, भिंतीपाशी गेले आणि फोटोला म्हणाले, "अम्मा, जरा पाठ फिरव." काचेवरून किरण उलटून डोळ्यात येऊ नये म्हणून. फोटो उलटा टांगून ते परत आले.

खोलीचे तापमान सत्तावीस. म्हणजे आतला आकडा बत्तिसाच्या वर जाता कामा नये. डॉक्टर तोंडाने मोजत होते, मी आकडा वाचत होतो. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." ब्रॅकेट सुटला. आकडा तेहतीस.

दुसरा दात. साडेतेहतीस. तिसरा, तेहतीस.

डॉक्टरांनी यंत्राची ताकद कमी केली. मग आकडा खाली आला, पण ब्रॅकेट निघेना. पुन्हा वाढवली, पुन्हा तेहतीस. "माझंच मशीन खोटं बोलतंय," म्हणाले. मला मशीन खोटे बोलते हे पटत नाही. दूध घालणारे रोज तेच म्हणतात. मी मोबाइलवर सेकंद लावले आणि पाचव्या दाताच्या वेळी आकड्याऐवजी डॉक्टरांच्या पायाकडे बघितले. तोंडाने सहा म्हणून झाले होते, पाय मात्र बटणावरच होता. मोबाइलवर सात झाले, तेव्हा तो उचलला गेला.

"डॉक्टर, तुम्ही सहाच्या पुढे काय म्हणता?"

"काय नाय म्हणत."

"ओठ हलतात तुमचे."

त्यांनी सहावा दात घेतला, मुद्दाम सावकाश मोजला, आणि सहा झाल्यावर त्यांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी त्यांना स्वतःलाच ते ऐकू आले असावे. त्यांनी पाय उचलला आणि गॉगल काढला.

"अम्माची," म्हणाले.

"काय?"

"अम्मा डझन भरायच्या ना, सहा या हाताला, सहा त्या हाताला. आणि वर एक. तिचे पैसे नाय. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी घालायच्या. दुसऱ्या हाताच्या सहा झाल्या की म्हणायच्या, आणि एक माझी. आम्ही घरातली सगळी तसंच मोजायचो. भाकरी मोजल्या तरी. सहा, आणि एक अम्माची." ते हसायला लागले. "सेक्रेटरी, म्हणजे मी आजपर्यंत सगळ्यांनाच एक सेकंद जास्त देत आलो की हो."

मीही हसलो. पण त्यांचे हसू लवकर थांबले. ते टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिले. मग उलट्या टांगलेल्या फोटोकडे. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर खिळ्यांचा गंज दिसत होता.

"चाळीस वर्षं झाली तिला जाऊन," म्हणाले. "आवाज आठवत नाय मला. लई प्रयत्न केला. आणि ती इथं रोज बोलतीय, माझ्याच तोंडात. मला ठाऊकच नाय."

मी म्हणालो, "सातवा दात घ्यायचा का?"

आता मागे वळून पाहिले की वाटते, थोडा वेळ थांबायला हवे होते.

सातवा दात घेतला. सहावर पाय उचलला. आकडा साडेएकतीस, ब्रॅकेट अलगद हातात. आठव्याला पुन्हा चुकले, ओठ हलले. मग ठरले की मी मोबाइलवर बघत "बस" म्हणायचे आणि त्यांनी पाय उचलायचा. चौदा दातांपैकी दोन तडकलेले निघाले. त्यांच्यात ऊब लवकर आत जात होती. त्यांना पाचच सेकंद द्यायचे आणि ब्रॅकेट नाहीच सुटला तर दात निवू देऊन पुन्हा पाच द्यायचे, असे ठरवले. सगळे आकडे मी वहीत लिहिले आणि खाली दोघांच्या सह्या केल्या. थर्मामीटर धुऊन, पुसून दुसऱ्या दिवशी संस्थेत जमा केले.

मग आला अकरा नोव्हेंबर. चौघांच्या डोळ्यांवर गॉगल. हिने पदर सावरून गॉगल लावला तेव्हा मेघा त्या सगळ्यात पहिल्यांदा, ओठ मिटूनच, हसली. "आई, हिरॉइन दिसतीस." "गप पडून ऱ्हा," ही म्हणाली. डॉक्टरांनी अम्मांना पाठ फिरवायला सांगितले. मेघाला म्हणाले, "बाळ, चटका वाटला तर करंगळी वर करायची. मी लगेच थांबेन. शहाणपणा करून सोसायचं नाय."

मी जमिनीवर, पायाच्या बटणाजवळ बसलो. उजवीकडून सुरुवात झाली. सहा, "बस", पाय वर, मग डॉक्टरांचा अंगठा आणि बोट. ती हालचाल मी ओझरच्या त्या फोटोत पाहिलेली होती. ओढणे नाही. थोडे दाबून, थोडे वळवून, वस्तूला स्वतःहून यायला लावणे. खाली ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत ब्रॅकेट पडायचा आणि बारीक आवाज व्हायचा. दोन, तीन, चार. मधून तुटलेला अर्धा ब्रॅकेटही आला. नऊ झाले. मेघाची करंगळी एकदाही हलली नव्हती.

दहावा तो डावा समोरचा. डॉक्टरांनी तो शेवटी ठेवला होता. टिचकी मारली, ऐकले. दांडी काही वेळ मुठीत धरली. हिने माझ्या खांद्याला धरले, तिची नखे रुतलेली मला घरी गेल्यावर दिसली.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

माझ्या तोंडात "बस" आलेलाच होता. पण पाय आधीच वर झाला होता. मोबाइलवर बरोबर पाच. मी वर पाहिले. डॉक्टरांचे ओठ घट्ट मिटलेले, इतके की पांढरे पडले होते. अंगठा आणि बोट पुढे गेले. थोडे दाबून, थोडे वळवून. एक क्षण काहीच झाले नाही. मग ताटलीत आवाज झाला.

डॉक्टरांनी पंखा बंद आहे ना ते बघितले. दातावर टिचकी मारली. मान वाकडी केली.

"शाबूत."

त्यांनी मेघाच्या हातात आरसा दिला. चीर होती तशीच होती, बारीक, उभी. पण दात पूर्ण होता. मेघा आरशात बघत हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. ही डोळे पुसत म्हणाली, "मिट आता तोंड, माशी जाईल." मी चार हजार रुपये मोजून दिले. डॉक्टरांनी मोजले नाहीत, खिशात घातले. ते फोटो सरळ करायला गेले आणि तो सरळ करून झाल्यावरही बराच वेळ तिथेच, आमच्याकडे पाठ करून, उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी सिरॅमिक लावणे आणि काढणे दोन्ही पुन्हा सुरू केले. टेबलावरची बाटली कपाटात गेली. "बस" म्हणायला मी लागत नसे. त्यांनी घरी सराव केला होता. जिना चढताना, भाकरी मोजताना, सहावर जीभ चावायची. दोन-तीन आठवड्यांनी फोन यायचा. "सेक्रेटरी, आज अठरा काढले. एकाला पण जास्त नाय." मी म्हणायचो, "शाब्बास." मला खरोखर अभिमान वाटायचा. फॅटच्या मशीनमधला फरक शोधून काढल्यावर वाटतो तसा.

वर्षभरात त्यांचे डोळे गेले. लेझरने नव्हे, ते चालू असताना गॉगल त्यांनी कधी काढला नव्हता. साखर होती, तिने आतला पडदा खाल्ला. मधोमध काळा ठिपका पडला, कडेचे दिसायचे. "माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाय. दातांच्या डॉक्टरला हेच दिसायचं राहिलं." नारायणगावच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी महिनाभर शेजारी बसवून सगळे शिकवले आणि यंत्र देऊन टाकले. दवाखान्याची किल्ली खतांच्या दुकानात दिली. अम्मांचा फोटो काखेत घेऊन एसटीत बसले, ते पुन्हा मंचरला आले नाहीत.

जुन्नरला त्यांची बहीण जैबूनआपा अम्मांचे बांगड्यांचे दुकान चालवते. डॉक्टर तिथे बसायला लागले. आधी नुसते बसायचे, मग बांगड्या भरायला लागले. बांगडी भरायला डोळे लागत नाहीत. बायका आधी लाजल्या, मग त्यांच्याकडेच हात करू लागल्या, कारण त्यांच्या हातून दुखत नसे.

मेघाचे लग्न ठरले तेव्हा मी म्हणालो, चुडा जुन्नरला भरायचा. ही म्हणाली, "मंचरच्या बांगडीवाल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" पण आली. वैशाखातली सकाळ होती. दुकान लहान, बाजारपेठेच्या आतल्या बोळात. अम्मांचा फोटो गल्ल्याच्या वर, तोंड आमच्याकडे.

"कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"मी सेक्रेटरी. मेघा आलीय. लग्न आहे."

ते उठून उभे राहिले. मेघाच्या बाजूला तोंड केले, जरासे तिरके, कडेने बघायला. "हसतेस ना?"

"हसते," मेघा म्हणाली.

"दिसत नाय मला. दात वाजव."

मेघाने भर दुकानात खालचे-वरचे दात दोनदा वाजवले. शेजारच्या बाया बघायला लागल्या. डॉक्टरांनी मान वाकडी करून ऐकले. "शाबूत," म्हणाले आणि खाली बसले.

हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. एकेक दुसरीवर वाजवली. दोन बाजूला ठेवल्या. मला त्या सगळ्या सारख्याच ऐकू आल्या. मग मेघाचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याचे हाड आत दाबले, आणि बांगडी अशी गेली की मेघाला ती मनगटावर आल्यावर कळली. उजव्या हातात सहा. डाव्या हातात एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्यांनी मेघाचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला आणि पेटीच्या झाकणाकडे हात नेला.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. हलले नाहीत. मिटले होते, त्या दिवशी मिटले होते तसेच.

हिच्या काही लक्षात आले नाही. मेघाच्याही नाही. जैबूनआपा मात्र गल्ल्यावरून भावाकडे बघत होती, आणि मला वाटले ती रोजच अशी बघत असणार.

"डॉक्टर," मी म्हणालो, "अम्माची राहिली."

त्यांचा हात झाकणावर थांबला. बाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"तुमीच तर सोडवली, सेक्रेटरी."

"दाताला सोडवली होती. हाताला नाही."

पेटीत चाचपून त्यांनी एक बांगडी उचलली, वाजवली, परत ठेवली. दुसरी उचलली, वाजवली. मेघाचा डावा हात पुन्हा घेतला. बांगडी चढवताना त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण दोन शब्द होते. बांगडी खाली गेली तरी त्यांनी हात लगेच सोडला नाही. वर फोटोकडे तोंड केले, जरासे तिरके, कडेने दिसेल असे.

मी डॉक्टरांना शेवटचे पाहिले ते असे.

बारा बांगड्यांचे एकशे वीस रुपये रोख, जैबूनआपाच्या हातात दिले. तेराव्या बांगडीचे तिने मागितले नाहीत, मीही विचारले नाही. वहीत मात्र बांगड्या तेरा लिहिल्या आहेत.